गोष्टीतल्या मुलाचं नाव

पुस्तिकेतलं पहिलंच मानक असं होतं: ‘वाचताना पालक आणि मूल यांनी इतकं जवळ बसावं, की आवाज न चढवता एकमेकांचं ऐकू येईल.’

मी ते वाचलं, पुस्तिका मिटली आणि खिडकीतून खाली बघत बसले. माझ्या मुलीचं घर अमरावतीच्या राजापेठेत, शिकवणी वर्गांच्या इमारतीत आहे. संध्याकाळी जिन्यात चपलांचा असा खच पडतो, की पाय कुठे ठेवावा कळत नाही. खाली दुचाक्यांचे हॉर्न. इतकी मुलं रोज शिकायला येतात, पण यातल्या कोणाजवळ असं आवाज न चढवता ऐकू येईल इतकं जवळ कोणी बसत असेल का, असं मनात आलं. मग मी पुन्हा पुस्तिका उघडली.

मी आयुष्यभर अकोल्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. पुस्तकं लावणं, देणं, परत घेणं, एवढंच माझं वाचनाशी सरकारी नातं. वाचून दाखवणं हे काम आमच्या घरात ह्यांचं होतं. सकाळी मी पोळ्या लाटत असे आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. तूरडाळीचे भाव, कुठल्याशा गावातला बिबट्या, निधनवार्ता, सगळं एकाच आवाजात. हे गेल्यावर वर्तमानपत्र काही दिवस येत राहिलं. ते मी मनातल्या मनात वाचू शकत होते, अडचण काहीच नव्हती, तरी घडी मोडायचं मन होईना. शेवटी मुलगी येऊन मला अमरावतीला घेऊन गेली.

इथे आल्यावर तिनंच मला हे काम शोधून दिलं. एक संस्था शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये कुटुंब साक्षरता वर्ग चालवते. म्हणजे मुलांचा वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा असा वर्ग नाही. आई, आजी, क्वचित बाप, आपल्या मुलाला घेऊन येतात आणि दोघं मिळून शिकतात. हे वर्ग कसे चालावेत याची मानकं संस्थेनं पुस्तिकेत छापली होती आणि ती पाळली जातात का हे बघायला त्यांना एक निरीक्षक हवी होती. फोनवर त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी म्हटलं, “लिहून पाठवते.” चार दिवसांत गळ्यात घालायचं ओळखपत्र आलं. त्यावर माझं नाव, मध्ये ह्यांचं, मग आडनाव, ठळक अक्षरांत.

वर्ग बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या माळ्यांच्या वस्तीत भरत असे, समाजमंदिराच्या एका खोलीत. मागे विहीर आणि काळ्या जमिनीचे छोटे छोटे तुकडे. कोणाची मेथी-पालक, कोणाची वांगी, कोणाचा झेंडू. बायका दुपारी तोड आटोपून, हातपाय धुऊन यायच्या. काहींच्या मांडीवर तेव्हाही मेथीच्या जुड्या असत. वर्गाची शिक्षिका तरुण मुलगी होती. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे बायकांना पिकावरून हाक मारतात, म्हणून मीही इथे तसंच लिहिते: मेथीवाली, वांगीवाली, झेंडूवाली. ही नावं त्यांनीच एकमेकींना दिलेली होती आणि त्यांवरून भांडणंही होत. “यंदा आमी मेथी लावलीच नाई, मंग मले मेथीवाली काहून म्हणता?” अशी एकदा बरीच चर्चा झाली आणि शेवटी पुढच्या हंगामापर्यंत जुनंच नाव ठेवायचं ठरलं.

मला ती पुस्तिका आवडायला लागली होती. इतक्या वर्षांत मी पुस्तकांसाठीचे नियम पुष्कळ पाहिले होते, पण पुस्तक आणि माणूस यांच्यामधल्या जागेसाठी कोणी नियम केलेले मी पहिल्यांदाच बघत होते. एक मानक होतं: ‘घरात पुस्तक मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर असावं.’ ते बघायला मी घरोघर गेले. झेंडूवालीच्या घरी पुस्तकं खुंटीला टांगलेल्या पिशवीत होती, मुलीच्या डोक्याच्या कितीतरी वर.

“खाली ठेवलं का बकरी खाते,” झेंडूवाली म्हणाली. “मागच्या खेपेस हत्ती खाल्ला तिनं. पुरा. सोंडेपासून.”

“मग मुलीला पाहिजे असलं तर?”

“मंग मले सांगते. मंग मी काढून देते. मंग मले बसाच लागते तिच्यासंग.”

मी मानकासमोर काय लिहावं हे मला कळेना. उंची चुकीची होती, पण तिच्यामुळेच दोघी एकत्र बसत होत्या. मी समासात ‘बकरी’ एवढंच लिहिलं.

झेंडूवाली तिशीतली असेल. सातवीनंतर लग्न ठरल्यामुळे तिची शाळा सुटली होती. वर्ग सुरू झाला तेव्हा ती अक्षर अक्षर लावत वाचायची असं शिक्षिकेनं मला सांगितलं. मी गेले तोवर ती चांगलं वाचत होती आणि इतर बायकांचं अडलं की शिक्षिकेच्या आधी तिच्याकडे वळून बघायच्या. तिची मुलगी दुसरीत. लाल रिबिनी, समोरचा एक दात पडलेला आणि सतत काहीतरी वाचत असलेली: समाजमंदिराच्या भिंतीवरची पाटी, बिस्किटाचा पुडा, माझ्या पिशवीवरचं साड्यांच्या दुकानाचं नाव.

दसरा-दिवाळीची झेंडूची धामधूम संपली तेव्हा शिक्षिकेनं सांगितलं की तिचं लग्न ठरलंय आणि ती अकोल्याला जाणार आहे. बायकांनी आधी आनंद केला, मग नवरा काय करतो ते विचारलं, आणि मग मेथीवालीनं विचारलं, “मंग वर्गाचं काय?”

पुस्तिकेत यासाठीही एक मानक होतं. वस्तीतल्याच एखाद्या पालकाला वर्गताई करून वर्ग तिच्याकडे देता येत होता, पण त्यासाठी संस्थेच्या पाहुण्यांसमोर तिनं आपल्या मुलाला गोष्टीचं एक कार्ड सलग वाचून दाखवायला हवं. एकही शब्द गाळायचा नाही. मुलानं सांगितलेला शब्द पालकानं वाचला असं धरायचं नाही. असं कोणी मिळालं नाही, तर वर्ग उन्हाळ्याआधी बंद होणार होता, कारण संस्थेकडे इथे पाठवायला दुसरं माणूस नव्हतं.

सगळ्यांनी झेंडूवालीकडे बघितलं. ती खाली बघून मुलीची रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागली. मग म्हणाली, “मी करीन.”

त्या दिवशी मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आली. म्हणाली, “काकू, फुलं तोडाचं काम माहेरीही केलं, इथंही करते. थे मले कोणी इचारून नाई देल्लं. हे काम मी सोतः मांगून घेतलं. आता नाई भेटलं तं लय खराब वाटन.”

कार्डांची ती मालिका, जी बायका आजवर घरी नेऊन वाचत, एका मुलाच्या गोष्टींची होती. गावातला एक खोडकर मुलगा. एका कार्डावर तो पेरूच्या झाडावर चढतो, एकावर म्हशीला आरसा दाखवतो, एकावर शाळेत उलटा सदरा घालून जातो. प्रत्येक कार्डावर, जवळजवळ प्रत्येक ओळीत, त्याचं नाव. वऱ्हाडात कुठल्याही गावात चार जणांचं असतं तसं साधं नाव. ते मी इथे देत नाही, का ते पुढे कळेल.

सराव सुरू झाला. झेंडूवालीनं पेरूचं कार्ड घेतलं, मुलीला जवळ ओढलं, आणि पहिल्याच शब्दावर थांबली. मुलीनं सांगायचं नाही असं शिक्षिकेनं आधीच बजावलं होतं. मग पुढचं सगळं वाक्य सरळ वाचलं. दुसऱ्या वाक्यात त्या मुलाचं नाव आलं आणि ती पुन्हा थांबली.

“तेवढं सोडा,” ती शिक्षिकेला म्हणाली. “पुढचं वाचते मी.”

“सोडून नाही चालणार ना,” शिक्षिका म्हणाली. ती नागपूरकडची. तिलाही काही कळलं नाही.

मला वाटलं, नावातलं जोडाक्षर अडत असेल. ग्रंथालयात येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांचंही असं व्हायचं, बाकी सगळं नीट आणि एका अक्षराशी येऊन गाडी बंद. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेले आणि फळ्यावर ते नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. आधी सुटं सुटं, मग जोडून, मग पुन्हा. फळा भरून. बायका आल्या, फळ्याकडे बघून त्यांनी एकदम पदर तोंडाला लावले. मला वाटलं, त्यांना माझं अक्षर आवडलं.

“आता सगळ्यांनी एकदा म्हणा,” मी म्हटलं.

मुलांनी गर्जना केली. बायकांपैकी काहींनी केली. झेंडूवाली मान खाली घालून हसत होती. तेवढ्यात तिची सासू, जी दारात बसून उरलेली फुलं ओवत असे, वर बघत म्हणाली, “काय वं बाई, माह्या पोराचं नाव साऱ्या भिंतीले लावून ठेवलं! इलेक्शनले उभा करता का त्याले?”

खोलीत असा हशा झाला की वांगीवालीच्या मांडीवरचं मूल दचकून रडायला लागलं. शिक्षिका हातातला खडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी फळा पुसायला घेतला आणि पुसताना माझेही कान तापले. कारण मला हे सांगायची गरज पडावी, हेच नवल होतं.

मी स्वतः ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. बाळापूरला लग्न झालं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल, तेही चारचौघींनी दार अडवल्यावर. त्यानंतर ‘अहो’, ‘हे’, आणि बाहेरच्यांशी ‘आमच्याकडे’. पण लिहायला कसलीच आडकाठी नव्हती. ग्रंथालयाच्या कागदांवर सही करताना माझ्या नावाच्या मध्ये ह्यांचं नाव रोज कितीदा लिहिलं असेल. डोळ्यांना आणि बोटांना ते पाठ होतं, फक्त जिभेला नव्हतं. कोणी शिकवलेला नियम नव्हता तो, आणि कोणी विचारलं असतं तर मी, शिकलेली बाई, असं काही मानत नाही असंच म्हणाले असते. हे गेल्यावर बँकेत, तहसीलमध्ये, विम्याच्या कचेरीत गेले तेव्हा प्रत्येक खिडकीपाशी विचारत, “पतीचं नाव?” मी मृत्यूचा दाखला पुढे सरकवत असे. पलीकडचा माणूस तो उचलून मोठ्यानं वाची: “मयत अमुक अमुक.” त्या वर्षात ह्यांचं नाव मी ऐकलं ते असं, ‘मयत’च्या मागून.

नाव न घेण्याची ही गोष्ट पुरती माहीत असलेली मीही एक बाई, आणि मीच फळा भरून ठेवला होता.

मग उपाय सुचवायची चढाओढ लागली. मेथीवाली म्हणाली, “सोपं हाय. नावाच्या जागी ‘हे’ म्हण.”

झेंडूवालीनं कार्ड उचललं आणि गंभीर चेहऱ्यानं वाचायला लागली. “एके दिवशी हे पेरूच्या झाडावर चढले. फांदी मोडली. ह्यांची चड्डी फाटली.”

“बाप्पा! काल संध्याकाळी तं चांगले दिसले,” वांगीवाली म्हणाली.

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. सासूनं ओवायची सुई बाजूला ठेवली आणि डोळे पुसले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “घे नं वं नाव. कोण काय म्हणते आता? मी कानावर हात ठेवते पाह्यजे तं.” आणि तिनं खरंच ठेवले.

झेंडूवालीनं मान हलवली. शिक्षिकेनं थोडं समजावलं, की नाव घेतल्यानं काही होत नसतं. झेंडूवाली म्हणाली, “मले मालूम हाय काही होत नाई. त्यायलेही काही वाटत नाई. मीच नाई घेत. लग्नातलं एक लुगडं असते ना, नेसाचं नाई, पन काढून पाहाचं? तसं हाय थे. रोजच्या कामात वापरलं तं वापरल्यासारखं होईन.”

मेथीवालीनं पालकाची जुडी बांधली.

शिक्षिकेनं संस्थेला फोन करून दुसरी कार्डं आहेत का विचारलं. सगळ्या वर्गांसाठी एकच मालिका होती. वाचन ऐकायला येणार होत्या त्या पाहुण्या बाई फोनवर म्हणाल्या, “मी येऊनच बघते.” मी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचली. पळवाट शोधायची म्हणून नव्हे. हे मानक लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कुठलं घर असेल, याचं मला कुतूहल वाटायला लागलं होतं. त्या घरात आई वाचते आणि मूल ऐकतं. आईला सगळे शब्द म्हणता येतात. बकरी नसते.

त्याच दरम्यान एका दुपारी मी झेंडूवालीच्या घरी गेले होते. अंगणात ती आणि मुलगी चटईवर बसून म्हशीच्या आरशाचं कार्ड वाचत होत्या. मी आल्याचं त्यांना कळलं नाही, म्हणून मी कुंपणापाशी थांबले. आई वाचत होती, बोट ओळीवरून सरकत होतं. नाव आलं की बोट त्याखाली थांबे. त्याच क्षणी मुलगी ते नाव म्हणे आणि आई पुढे जाई. मध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. कुंपणाबाहेरून ऐकणाऱ्याला आवाज दोन आहेत हे कळलं असतं, पण वाचणारं माणूस एकच आहे असं वाटलं असतं. मुलगी कंटाळून इकडेतिकडे बघत नव्हती. आपला शब्द कधी येईल यासाठी तिचं सगळं लक्ष आईच्या बोटाकडे होतं.

“असं कधीपासून वाचता?” मी आत जाऊन विचारलं.

“पह्यलेपासून,” झेंडूवाली म्हणाली. “हिले तवा काहीच वाचता नव्हतं येत. अंगणवाडीत होती. एवढं एकच येत होतं, बाबाचं नाव. थे मीच दाखवून ठेवलं होतं, का बोट आलं का हे म्हणाचं. मंग बाजूचा शब्द इचारे, मंग त्याच्या बाजूचा.”

म्हणजे त्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा वाचलेला शब्द तिच्या आईला म्हणायचा नव्हता तो होता. हे कुठल्या मानकात बसवावं, याचा विचार करत मी राजापेठेपर्यंत आले. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, “मॅडम, कुठं उतरायचं?”

पाहुण्या बाई आल्या तो दिवस उन्हाचा होता. पुण्याच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, सुती कुडता, पायात चालायला बऱ्या पडतील अशा चपला. वस्तीतल्या बोलण्याला त्या सुरुवातीला थोड्या बिचकल्या. सासूनं त्यांना दारातच विचारलं, “काहून वं, एकटीच आली? जेवली का?” त्यावर त्यांना आपल्यावर कोणी रागावलं आहे असं वाटलं. मी हळूच सांगितलं की हे स्वागत आहे. मग त्या मोकळ्या झाल्या आणि चहा दोनदा घेतला.

कार्ड निघालं ते उलट्या सदऱ्याचं. झेंडूवालीनं मुलीला शेजारी बसवलं. खोलीत सगळ्या बायका होत्या, पण जुड्या बांधणं थांबलं होतं. तिनं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. मुलीनं नाव म्हटलं. आई पुढे वाचत गेली. गोष्टीत मुलगा उलटा सदरा घालून शाळेत जातो, सगळे हसतात, तेव्हा तो म्हणतो, तुम्हीच सगळे उलटे उभे आहात. झेंडूवालीनं हे असं वाचलं की मागच्या बाजूला कार्ड पाठ असलेली मुलंही हसली. शेवटच्या ओळीत नाव आलं, मुलीनं म्हटलं, आईनं वाक्य पुरं केलं.

पाहुण्या बाईंनी पेन हातात तसंच धरलं. “फार छान वाचता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पण मुलीनं सांगितलेले शब्द मला धरता येत नाहीत. आणि प्रत्येक ओळीत एक आहे.”

शिक्षिकेनं कारण सांगितलं. पाहुण्या बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “मी माझ्या नवऱ्याला नावानंच हाक मारते,” त्या म्हणाल्या, “त्यामुळे मला हे सुचलंच नसतं. पण मग एक विचारते. तुम्ही वर्गताई झालात आणि वर्गात त्याच नावाचा मुलगा आला, तर त्याला हाक कशी मारणार?”

“हाय नं. वस्तीत तीन पोट्टे हायत त्या नावाचे,” झेंडूवाली म्हणाली. “एकाले दादू म्हणते, एकाले बाप्पू म्हणते. तिसरा हाक मारायच्या आधीच येते, त्याले भूक लागलेली असते.”

पाहुण्या बाई हसल्या, पण कागदावर पेन टेकवलं नाही. मी पुस्तिका उघडून पहिलं मानक त्यांच्यासमोर धरलं. जवळ बसण्याचं. “हे मी रोज बघितलंय,” मी म्हटलं. “ते नाव मध्ये आहे म्हणूनच मुलगी इतकी जवळ बसते. आईनं सगळं एकटीनं वाचलं असतं, तर ती केव्हाच खेळायला गेली असती.”

“हे तुम्ही निरीक्षक म्हणून सांगताय?”

“हो.”

“मग तसं नोंदवते. तुमचं पूर्ण नाव सांगता?” त्यांनी सहज विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. आणि थांबले. ओळखपत्र गळ्यात होतं, ते उचलून पुढे करावं एवढंही त्या क्षणी सुचलं नाही. हात सवयीनं पिशवीकडे गेला, जिथे दाखला ठेवलेला असे. तो मी केव्हाच घरी काढून ठेवला होता.

पाहुण्या बाई वाट बघत होत्या. तेवढ्यात झेंडूवालीची मुलगी उठली, माझ्या गुडघ्याला टेकली, ओळखपत्रावर नाक जवळजवळ लावलं आणि मधला शब्द मोठ्यानं वाचला. पडलेल्या दातामुळे शेवटचं अक्षर थोडं फुसकं निघालं. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसतं ह्यांचं नाव. आणि मग ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुढचं म्हणावं म्हणून, जशी ती आईकडे बघायची.

मी आडनाव सांगितलं.

पाहुण्या बाईंनी ते लिहिलं. लिहून झाल्यावर त्या थोडा वेळ मुलीकडे आणि मग माझ्याकडे बघत बसल्या. “ही दुसरीत आहे?” त्यांनी विचारलं. झेंडूवालीनं मान डोलावली. “आणि हिला कोणी सांगितलं नव्हतं आत्ता वाचायला.”

“नाई,” सासू दारातून म्हणाली. “तिले कोणी थांबवू बी शकत नाई.”

पाहुण्या बाईंनी कागदावर एक ओळ खोडली आणि तिच्या वर काहीतरी लिहिलं. मग वाचून दाखवलं: “पालक आणि मूल यांचं एकत्र वाचन. पूर्ण.” मानकातली ती ओळ त्या पुण्याला जाऊन पुन्हा बघायला लावतील असंही म्हणाल्या, लावतील की नाही मला माहीत नाही. पण वर्ग झेंडूवालीकडे आला, हे तिथेच ठरलं. मेथीवालीनं “मंग आता बाई म्हणा लागन का तुले?” असं विचारून तिच्या दंडाला चिमटा काढला. झेंडूवालीनं कार्ड पदरानं पुसलं आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं.

पाहुण्या बाई गेल्यावर बायका जुड्या घेऊन बसल्या. मी निघायची तयारी करत होते. झेंडूवाली जवळ आली.

“काकू, तुमच्या घरी कोण म्हणते मंग त्यायचं नाव?”

मी विचार केला. मुलगी ‘बाबा’ म्हणते, जावई ‘बाबा’ म्हणतात, नातू ‘आबा’. शेजारी अकोल्यात राहिले. ह्यांचे सोबती ह्यांना नावानं हाक मारायचे, तेही आता फोन करत नाहीत.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

झेंडूवालीनं मुलीला हाक मारली. ती विहिरीकडे पळायच्या बेतात होती, तोंड वाकडं करत परत आली.

“म्हण बरं एकडाव, काकूच्या पट्टीवरचं.”

मी ओळखपत्र हातात घेतलं आणि मधल्या शब्दाखाली बोट ठेवलं.